खांदा धरला, कंबर धरली, टाच धरली : गावात राहून फिजिओथेरपी कशी निभावलीत?

सुरंगी | ९ जून, रात्री १०:४०

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आज पाऊस लागलाय, वीज दोनदा जाऊन आली, आणि संध्याकाळी आईने स्वतःच्या हाताने अंबाडा घातला. नऊ महिन्यांनी. म्हणून आजच लिहिते.

आई ६१ वर्षांची. आम्ही वेंगुर्ल्याच्या आत एका वाडीत राहतो. गेल्या गणपतीत माटवीला (गणपतीच्या वर टांगतात ती चौकट) कवंडळं, म्हणजे रानफळं, बांधायला ती स्टुलावर चढली आणि डावा हात खांद्याच्या वर जाईना. "उसण भरली असेल" म्हणून तिने उजव्या हाताने काम उरकलं. उसणीवरचे सगळे उपाय झाले. निगडीचा पाला शेकला, उंडीचं तेल चोळलं, शेजारचे तात्या पायाळू आहेत म्हणून त्यांच्याकडून पाठीला पाय लावून घेतला. (तात्यांना या कामाचा भारी अभिमान. चहा घेतल्याशिवाय पाय लावत नाहीत.)

दिवाळीपर्यंत आईला ब्लाउजचा मागचा हुक लावता येईना. डाव्या कुशीवर झोपता येईना. मग आमची मोठी चूक झाली. बाजारात एक जण "शिरा मोकळ्या करून" देतो असं ऐकलं, त्याच्याकडे नेलं. त्याने हात धरून वर हिसडला. आई दोन रात्री बसून होती. त्यानंतर एका दवाखान्यात एक्सरे काढला. "फोटोत काही नाही, वयाचं आहे, थोडं मनाचंही असतं" असं ऐकून परत आलो. मनाचं म्हटल्यावर आई इतकी खजील झाली की महिनाभर तिने खांद्याचं नावच काढलं नाही.

डिसेंबरात कुडाळला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी पहिलं काय केलं असेल? आईला म्हणाल्या, "काकी, तुम्ही हात उचला." अर्ध्यावर अडला. मग म्हणाल्या, "आता सैल सोडा, मी उचलते." तिथेच अडला. कोपर कुशीला टेकवून हात बाहेर फिरवायला सांगितला, तो तर जागचा हलेना. मग विचारलं, "साखर कधी तपासलीत?" कधीच नाही. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी तपासली, १९८.

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत: दुसऱ्याने उचलला तर हात वर जातो आणि स्वतःला उचलता येत नाही, तेव्हा संशय स्नायूंच्या दोऱ्यांवर घ्यायचा. दुसऱ्यानेही उचलून जात नसेल तर सांध्याभोवतीची पिशवीच आखडलेली असते. हा फ्रोझन शोल्डर. चाळिशी ते साठीच्या आसपास जास्त, बायकांत जास्त, मधुमेह असेल तर आणखी जास्त. एक्सरेत दिसत नाही, कारण हाडाला काही झालेलंच नसतं. आधी दुखण्याचे महिने, मग आखडल्याचे महिने, मग हळूहळू सुटण्याचे. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात. आणि दुखण्याच्या महिन्यांत जोर करून ओढलं की ते चिघळतं. म्हणजे त्या हिसड्याने आमचं नेमकं तेच झालं होतं.

पहिल्या आठवड्यात मशीन लावलं, चार बैठका. आईला मशीन फार आवडलं. मुंग्या येतात, गरम वाटतं, "काहीतरी केलंनी" असं वाटतं. सकाळची ६:५० ची एसटी, येऊन-जाऊन अर्धा दिवस, बैठकीचे ३०० रुपये. पाचव्या दिवशी बाई स्वतःच म्हणाल्या, "काकी, मशीनसाठी रोज इथे येऊ नका. पंधरा दिवसांनी या. घरी दिवसातून तीनदा मी सांगते तेवढं करा." आई नाराज. परतीच्या एसटीत मला म्हणते, "सोडल्यानी गो आपल्याक."

घरी काय केलं ते सांगते, कारण यासाठी विकत काही आणावं लागलं नाही.

लंबक: चांगला हात टेबलावर टेकून वाकायचं, दुखरा हात सोंडेसारखा लोंबू द्यायचा आणि अंग हलवून त्याला झोका द्यायचा. हाताने जोर लावायचा नाही. आईचं टेबल म्हणजे भाताची कणगी.

भिंत: भिंतीकडे तोंड करून बोटांनी पाली चढतात तसं वर चढायचं, पोचलं तिथे पेन्सिलीने खूण. आमच्या कालनिर्णयच्या शेजारी अशा सदतीस खुणा आहेत. बाबा रोज बघून "आज दोन बोटं" असा बाजारभाव सांगतात.

काठी: दोन्ही कोपरं कुशीला, दोन्ही हातांत वेळूची काठी, चांगल्या हाताने ढकलून दुखरा हात बाहेर न्यायचा. ही सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात कामाची.

दोर: हा फेब्रुवारीनंतर, दुखणं उतरल्यावर. पडवीच्या वाशाला जुना रहाटाचा कप्पा टांगला, दोर घातला, एका हाताने ओढलं की दुसरा हात आपोआप वर.

मध्ये जानेवारीत ठणका सोसवेना म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी सांध्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन दिलं. त्याने रात्रीची झोप परत आली, पण साखर चार दिवस चढली. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. मधुमेह असलेल्यांनी हे विचारून ठेवा.

आता हात पाठीमागे अजून पुरता जात नाही. हुक मीच लावते. पण अंबाडा झाला.

तुमचे अनुभव लिहा. खांदा, गुडघा, कंबर, टाच, काहीही. विशेषतः ज्यांना रोज शहरातल्या क्लिनिकात जाणं शक्य नाही त्यांनी.

---

तिरफळ | ९ जून, रात्री ११:१५

पायाळूच्या लाथेला हसू नका हो. माझी चमक दोनदा गेली आहे त्याने. 😀

गंमत सोडा. चमक तीन-चार दिवसांत तशीही उतरते, श्रेय ज्याचा पाय शेवटी लागला त्याला. फ्रोझन शोल्डर तसा उतरत नाही, हे आज कळलं. आमच्या सासूबाईंचं हेच चाललंय, वाचनखूण साठवली.

---

देवगडी पेटी | १० जून, सकाळी ७:०५

चांगला धागा. माझं उजव्या खांद्याचं दुखणं, पण तुमच्या आईंसारखं नव्हे. हात वर जातो, मात्र मधल्या टप्प्यात कळ येते आणि त्यापुढे परत कमी होते. हंगामात रोज सहा-सात तास झेला (टोकाला जाळी लावलेला लांब बांबू) धरून मान वर करून आंबे उतरवायचे. दापोलीच्या विद्यापीठाचा नूतन झेला आल्यापासून देठासकट आंबा निघतो, फळाचं सोनं झालं, पण बांबू तेवढाच लांब आणि खांदा आपलाच. वर परत पेट्या टेम्पोत चढवायच्या.

मला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, झेल्याचा हात दर झाडाला बदल. दोन, पेटी अंगाशी धरून उचल, हात लांब करून नको. तीन, सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधून कोपर कुशीशी ठेवून ओढ, आणि दोन्ही फरे (खांद्यामागची पाती) मागे जवळ आणायचा व्यायाम. हंगाम संपल्यावर करायचा असतो तो, हंगामात नव्हे. मी उलटं केलं. एप्रिलात जोरात सुरू केलं आणि मे महिना बसून काढला.

---

हाडाची फिजिओ | १० जून, दुपारी २:२०

व्यवसायाने मी हीच. रत्नागिरी जिल्ह्यात काम करते, गाव सांगत नाही. सुरंगी, तुमच्या बाईंचं मला फार कौतुक वाटलं. रोज येऊ नका म्हणून सांगायला धाडस लागतं, कारण आमच्याकडेही भाडं असतंच.

मशीनबद्दल थोडं. आयएफटी आणि टेन्स (कातडीवरून सौम्य वीज सोडणारी मशीनं), अल्ट्रासाउंड, शेक ही दुखणं काही तास खाली आणणारी साधनं आहेत. त्या काही तासांत व्यायाम करून घ्यायचा, म्हणजे त्यांचा उपयोग. नुसतं मशीन लावून घरी जाऊन झोपलात तर संध्याकाळी दुखणं परत हजर. पेसमेकर असेल तर विजेवरच्या कुठल्याही मशीनआधी सांगा. शरीरात सळी-प्लेट असेल तर शॉर्टवेव्ह डायथर्मी (आत खोलवर शेक देणारं मशीन) नको. आणि मधुमेहाने पावलांना बधिरपणा आलेला असेल तर मिठाची पुरचुंडी, गरम पाण्याची पिशवी पायाला लावूच नका. चटका कळत नाही, फोड आल्यावर दिसतो. दर पावसाळ्यात माझ्याकडे असा एक तरी पाय येतो.

आता गुडघा, कारण माझ्या रोजच्या दहा माणसांत पाच-सहा गुडघे असतात. "झीज झाली" हा शब्द ऐकला की आमची माणसं चालणंच बंद करतात. मग मांडीचा पुढचा स्नायू महिन्याभरात वाळतो आणि सगळा भार सांध्यावर येतो. गुडघेदुखीवर पहिला इलाज मांडी भरणं. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे जमलं की दुसरा पाय दुमडून हा पाय सरळ ठेवून वीतभर उचला. हेही जमलं की हात न टेकता खुर्चीतून उठा-बसा. ज्यांना एकदम जमत नाही त्यांनी खुर्चीवर उशी घालून उंची वाढवावी, आठवड्याने उशी काढावी.

वजनाचा हिशोब मी पेशंटना असा सांगते: एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोच्या आसपास उतरतो.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. दहांतले आठ जण दुखऱ्या बाजूलाच धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

आणि विळी! नारळ खोवायला अर्धा तास उकिडवं बसायचं, मग उठताना गुडघ्यावर हात ठेवून "आई गं". ओट्याला बसवायची खोवणी बाजारात मिळते. ती घ्या म्हटलं की उत्तर ठरलेलं: "त्याने खवलेलं जाड पडतं." बरं, मग निदान पाटाऐवजी उंच स्टुलावर बसा आणि विळी चौरंगावर ठेवा.

---

चाकरमानी | १० जून, रात्री ९:५०

मी मुंबईचा, गावी गणपती-शिमग्याला. गेल्या गणपतीत महामार्गावरचे खड्डे खात चौदा तास गाडी चालवून आलो आणि आरतीला उभा राहिलो तो वाकलेलाच. परत जाऊन एमआरआय काढला. रिपोर्टात चकती सरकली, चकती सुकली, नस दबली, असं पानभर. ते वाचून मी पंधरा दिवस पलंगावरून उतरलो नाही. एका ठिकाणी थेट ऑपरेशनची तारीख सुचवली. आता कंबर ठीक आहे, पण रिपोर्ट कपाटात आहे आणि डोक्यातही. फिजिओताई, सरकलेली चकती परत जागेवर जाते का? आमच्याकडे एक जण बसवून देतो म्हणतो.

---

हाडाची फिजिओ | ११ जून, सकाळी ६:३०

चकती म्हणजे बशी नव्हे की सरकली आणि मांडून ठेवली. तिच्यातला मऊ भाग बाहेर आलेला असतो. बऱ्याच जणांत तो बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतःच काही महिन्यांत शोषून टाकतं. बाहेरून दाबून कुणी बसवत नाही.

रिपोर्टाची भीती घालवायला एक गोष्ट सांगते. कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र मांडलेला एक अभ्यास २०१५ मध्ये आला. विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज दिसली, ऐंशीतल्यांत ९६ टक्के. दुखत काही नव्हतं! म्हणून आम्ही रिपोर्टापेक्षा माणूस तपासतो.

साध्या कंबरदुखीत पंधरा दिवस पलंग ही सगळ्यात वाईट शिक्षा. एक-दोन दिवस जपा, मग घरातल्या घरात चाला.

पण खालीलपैकी काही असेल तर व्यायाम, तेल, मी, सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठं रुग्णालय: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलता येईना. कंबरदुखीबरोबर ताप, विनाकारण वजन उतरणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, पडल्यानंतरचं दुखणं, यांतलं काही असेल तरीही आधी डॉक्टर.

लावणीचे दिवस आलेत म्हणून आणखी एक. दिवसभर पुढे वाकून रोवताना कंबरेचा मागचा भाग ताणलेलाच राहतो. बांधावर आलात की दर अर्ध्या तासाने कमरेवर हात ठेवून मागे वाका, पाच-सहा वेळा. फुकटचं आहे. मात्र ज्या वयस्कर माणसांना थोडं चाललं की दोन्ही पाय भरून येतात आणि बसलं किंवा वाकलं की बरं वाटतं, त्यांनी हे मागे वाकणं करू नये. त्यांची नसांची वाट अरुंद झालेली असू शकते, त्यांचे व्यायाम वेगळे.

---

चाकरमानी | ११ जून, सकाळी १०:१२

रिपोर्ट कपाटातून काढून माळ्यावर टाकला. धन्यवाद.

---

रापणकर | ११ जून, रात्री ८:३०

माझी गजाल वायली हा. गेल्या साली लावणी चालू हुती. माझो चुलतो, पंचेचाळीस वर्सांचो, दोन दिस चिखलात काम करून इलो आणि पोटरे दुखतत म्हणान बसलो. आमी म्हटला, चिखलात पाय ओढून दुखतले नाय तर काय. काकीन उंडीचा त्याल चोळल्यान. रातीक ताप भरलो. दुसऱ्या दिसा डोळे लाल, आणि पोटरेक हात लावूक देय ना, बोंबलता.

आमी चोळणाऱ्याक बोलवूक निघालेलंव, खरा सांगतंय. पण वाटेत आशाताई भेटली, तिणा ताप आयकलो आणि गाडी थेट दवाखान्यात फिरवूक लावल्यान. थयल्या डॉक्टरान पयलो प्रश्न केल्यान, "चिखलात काम केलंत? पायाक जखम हा?" लेप्टो निघालो. मूत्रपिंडावर येऊक लागलेलो. गोव्याक बांबोळीच्या हॉस्पिटलात न्हेलो, धा दिस. वाचलो.

पोटरी आणि ताप एकत्र इले तर चोळूक बसा नको.

---

सुरंगी | ११ जून, रात्री ९:०२

अरे देवा. हे वरच्या पोस्टीत टाकायला हवं होतं. आमच्याकडे आरोग्यसेविका लावणीआधी लेप्टोच्या गोळ्या देऊन जातात, निम्मी माणसं घेत नाहीत. उद्या आमच्या पैऱ्यातल्या (आळीपाळीने एकमेकींची लावणी करणाऱ्या) बायकांना हा प्रतिसाद वाचून दाखवते.

---

हाडाची फिजिओ | ११ जून, रात्री ९:४०

रापणकर, फार मोलाचं लिहिलंत. उंदराच्या, जनावरांच्या मुतातून चिखलात येतो तो लेप्टोचा जंतू, पायाच्या चिरांतून शिरतो. स्नायूचं श्रमाचं दुखणं दोन्ही पायांत साधारण सारखं, एक-दोन दिवसांत उतरणीला लागतं आणि ताप येत नाही.

तसंच चिकुनगुनिया. ताप पाच-सहा दिवसांत जातो आणि सांधे महिनोन्‌महिने धरून ठेवतो. तो आखडलेपणा हलक्या हालचालीने, कोमट पाण्यात बोटं उघडझाप करून हळूहळू सुटतो. पण सकाळचा ताठरपणा तासाभराहून जास्त राहत असेल, बोटांची पेरं सुजत असतील, तर आमवात आहे का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. झिजेच्या गुडघ्याचा सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत जातो.

---

आगोट | १२ जून, सकाळी ११:३०

टाच कुणाची आहे का? माझी आहे. सकाळी पलंगावरून उतरल्यावरची पहिली दहा पावलं म्हणजे खिळ्यावर चालणं. मग कमी होतं, दुपारी बसून उठलं की परत.

माझा आपला एक सिद्धांत आहे. जुन्या घरात शेणाने सारवलेली जमीन होती, पाय जरा तरी रुतायचा. नवीन घराला टाइल्स घातल्या आणि वर्षात टाच गेली. आमच्या वाडीत टाइल्सवाल्या चार घरांत तीन टाचा आहेत.

फिजिओंनी सांगितलेलं: पलंगावरून उतरण्याआधीच पंचा पावलाच्या चवड्याला अडकवून स्वतःकडे ओढायचा, तीस आकडे, तीन वेळा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, मागचा गुडघा सरळ. पाण्याची बाटली बर्फ करून पावलाखाली लाटण्यासारखी फिरवायची. घरात अनवाणी फिरणं बंद. शेवटचं सगळ्यात कठीण. सासूबाईंचा नियम, चप्पल उंबऱ्याच्या आत नाही. शेवटी नवी कोरी मऊ चप्पल आणून देवासमोर ठेवली, हळद-कुंकू लावलं आणि "ही घरातलीच" म्हणून जाहीर केलं. चार महिन्यांत ऐंशी टक्के बरी आहे. टाच.

---

तिरफळ | १२ जून, दुपारी १२:०५

चपलेला हळद-कुंकू!! 😀😀

---

कातळ | १२ जून, रात्री १०:२०

एवढं गोड वातावरण आहे म्हणून एक कडू सांगतो. माझ्या वडिलांना गुडघ्यासाठी एका ठिकाणी तीस बैठकांचं पॅकेज घ्यायला लावलं. आगाऊ पैसे. तीस दिवस मशीन लावलं, एकही व्यायाम शिकवला नाही. नंतर कळलं, लावणारा मुलगा बारावी पास, कुठल्याशा शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर. सगळे तुमच्या कुडाळच्या बाईंसारखे नसतात.

---

हाडाची फिजिओ | १३ जून, सकाळी ७:१५

कातळ, राग बरोबर आहे तुमचा. आमची पदवी बीपीटी (बॅचलर ऑफ फिजिओथेरपी), मी केली तेव्हा साडेचार वर्षांची, त्यातले सहा महिने इंटर्नशिप. महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारा, लाजू नका. मला कुणी विचारलं तर मी तर खूश होते. आणि पहिल्याच भेटीत हात न लावता, न तपासता, प्रश्न न विचारता मशीन लावलं, तर उठून या. जिल्हा रुग्णालयातही फिजिओथेरपी विभाग असतो, केसपेपरवर काम होतं. गर्दी असते, पण व्यायाम शिकून घ्यायला दोन-तीन फेऱ्या पुरतात.

---

काजूबी | १३ जून, दुपारी ४:४५

आमच्या कारखान्यात बायकांचे अंगठे जातात. दिवसभर चाकूने काजूगराची साल काढायची. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कळ, पातेलं उचललं तरी. माझी रात्री बोटं बधिर होऊन जागही येते, हात झटकला की बरं. हे दोन्ही एकच का?

---

हाडाची फिजिओ | १३ जून, रात्री ८:००

वेगळी आहेत. अंगठ्याच्या मुळाशी कळ येते ती तिथल्या दोऱ्यांच्या वेष्टणाची सूज. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवा, जोरात कळ आली तर बहुधा तेच. रात्री अंगठा-तर्जनी-मधलं बोट बधिर होतं ते मनगटात नस दबल्याने. त्यासाठी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावून झोपायचं, पहिले काही आठवडे तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. अंगठ्याचा तळ वाळायला लागला असेल, वस्तू हातातून पडत असतील, तर थांबू नका, डॉक्टर. आणि चाकूची मूठ जाड करा, जुनं कापड गुंडाळून. बारीक मूठ घट्ट पकडावी लागते, तिथेच सगळं बिघडतं.

---

देवगडी पेटी | २ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

धागा वर काढतो. पावसाळाभर ट्यूब ओढली. झेला यायला अजून पाच महिने आहेत. सुरंगी, काकींचा हात कुठपर्यंत?

---

सुरंगी | २ नोव्हेंबर, रात्री ९:३०

गणपतीत माटवी बांधली. स्टुलावर चढू दिलं नाही, खालून हात वर करून कवंडळं दिली मला. हुक लावते आता, पण बघणारं कुणी नसेल तेव्हाच. "जमला नाय तर हसशात" म्हणते. साखर उपाशीपोटी १२० च्या आसपास आहे. काठीचा आणि भिंतीचा व्यायाम बंद केलाय तिने, विचारलं की "केलंय" म्हणते. भिंतीवरची शेवटची खूण ऑगस्टातली आहे, म्हणजे खोटं बोलते.

आता गुडघा सुरू झालाय. फिजिओताईंचं वाचून बाबांनी विळीसाठी चौरंग आणि बसायला फणसाच्या लाकडाचं स्टूल करून घेतलं.

---

आगोट | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

स्टुलाची उंची किती ठेवलीत? आम्हालाही करून घ्यायचंय.

---

सुरंगी | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

सुताराने सोळा इंच केलं होतं. आई दोन दिवस बसली, "झाडार चढून खोवल्यासारखा वाटता" म्हणाली आणि बाबा बाजारात गेलेले असताना शेजाऱ्यांकडून करवत आणून चारही पाय कापून घेतले. आता नऊ आहे. एक पाय किंचित आखूड झालाय, त्याखाली एसटीची तिकिटं घडी करून घातली आहेत.